धनाजीचा सांडवा

कवठे महांकाळ सोडून जतच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला एक गाव लागतं. गावाला पाझर तलाव आहे, तलावाला रीतसर सांडवा आहे, आणि त्या सांडव्यावरून पाणी गेलेलं बघितलंय असा एकही माणूस गावात सापडायचा नाही. सांडवा म्हणजे तलावात पाणी जास्त झालं तर बांध न फोडता ते निघून जावं म्हणून ठेवलेली वाट. आता इथं पाणी बांधाच्या पायथ्याला टेकायचं तेच कसंबसं. मग त्या सांडव्याच्या फरशीवर लोक तूर वाळत घालायचे, नाहीतर पत्ते कुटायचे.

अशा गावात धनाजीनं विजेचा सांडवा काढला. असली वस्तू असल्या गावात काढायला एकतर डोकं ठिकाणावर नसावं लागतं, नाहीतर फारच ठिकाणावर असावं लागतं. धनाजीचं नक्की कुठं होतं, ह्यावर गावात दोन मतं नव्हती.

धनाजीचं एस्टी स्टँडजवळ पत्र्याच्या खोक्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. साल शहाण्णव-सत्त्याण्णवचं. हाताला कसब होतं, नाही असं नाही, पण तोंडाला लगाम नव्हता. टीव्हीला काय झालंय एवढं विचारलं तरी गडी कोयना धरणापासून सुरू करायचा. तिथं पाणी पडतं, चक्र फिरतं, तारेतनं लाईट निघते, असं करत करत ती कऱ्हाडपर्यंत पोचायची तोवर गिऱ्हाईक पार हॉटेलात जाऊन चहा पिऊन यायचं. शिवाय स्वभाव हळवा. कुणी हसलं की फुगून बसायचा आणि कुणी "धनाजी, चहा घे रं" म्हटलं की लगेच उतरायचा.

दुकानात येणारे टीव्ही बहुतेक एकाच जागी जळलेले असायचे. सगळ्यांचं म्हणणं, कमी व्होल्टेजनं जातात. धनाजीही बरीच वर्षं तेच म्हणायचा. गावची लाईटच तशी होती. विहिरींवरचे पंप सुरू असले की बल्ब नुसता तांबूस दिसायचा, आणि लाईट आहे का गेली हे बघायला काडी ओढावी लागायची. पण एकदा सांजेला मीटर भिंतीच्या प्लगात घालून तो सहज बसला होता. शिवारातले पंप एकेक करत बंद झाले आणि मीटरचा काटा वर सरकायला लागला. दोनशे तीस ओलांडून दोनशे साठ, मग दोनशे पंच्याऐंशी. धनाजीचा चहा हातातच निवला. टीव्ही कमीनं नाही, जास्तीनं मरत होते.

मग त्यानं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आपला सांडवा बांधला. भिंतीच्या प्लगात डबा खुपसायचा आणि डब्यात टीव्ही. व्होल्टेज दोनशे साठच्या वर गेलं की आतला रिले टक करून लाईन तोडायचा आणि तांबडा दिवा लागायचा. एखादा झटका रिलेला हलायला वेळ न देता आलाच, तर लिमलेटच्या गोळीएवढी एक चकती तो स्वतःच्या अंगावर घ्यायची, फ्यूज उडवायची आणि मरायची. टीव्ही जिवंत. पहिला डबा स्वतःच पेटला आणि आईची वाकळ जाळून गेला, दुसरा पंखा लावला तरी टक करायचा. तिसरा मात्र जमला. त्यावर त्यानं पांढऱ्या रंगानं 'सांडवा' असं लिहिलं आणि तो मिरवत पारावर आणला.

म्हातारा ज्ञानू तंबाखू मळत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे कोयनेपासून ऐकून घेतलं, आणि विचारलं, "म्हंजी ह्यो डबा लाईट जास्त झाली की बंद करनार?"

"व्हय."

"जास्त? आमच्यात?" ज्ञानूनं पाराभोवती नजर फिरवली. "पाऊस कमी. पानी कमी. एस्टी कमी. शाळंत मास्तर कमी. आन् तू म्हनतोस लाईट जास्त हाय. कुठं हाय ती दाव तरी गड्या, मी दोन पोती भरून नेतो."

पार हसला. धनाजी डबा काखेत मारून तडक घरी आला. घरी आक्काताई, म्हणजे त्याची आई. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं म्हणून तोही आक्काच म्हणायचा. तिच्याकडून तरी दोन शब्द बरे येतील असं त्याला वाटलं होतं. आक्काचं आयुष्य दुसऱ्याच्या रानात गेलेलं. जास्त ह्या शब्दाशी तिचं काही वैर असण्याचा प्रश्नच नव्हता.

"येऊ दे की रं जास्त," ती म्हणाली. "कवातरी येऊ दे. जास्त आल्यालं कुनी परत धाडतं व्हय? पदर पसरून घ्याचं आस्तं."

"आक्का, टीव्ही जळतो त्यानं."

"जळू दे. उजेड तर पडंल."

धनाजी दोन दिवस फुगून बसला.

त्याची बायको नीलिमा मिरजेची. मिरजेत तिच्या धाकट्या भावाचं, प्रबुद्धचं, मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. दवाखान्यांचे पंप, लिफ्टच्या मोटारी, कामाला तोटा नव्हता. प्रबुद्ध माणूस सोन्यासारखा. तोच तर खरा घोटाळा होता. वाईट असता तर धनाजीला त्याच्याशी भांडता आलं असतं. प्रबुद्ध फक्त अदबीनं म्हणायचा, "दाजी, या की आमच्याकडे. तुमच्या हाताला मान आहे तिथं." बहिणीच्या घरी त्यानं पोर्टेबल टीव्हीही आणून दिला होता. पण धनाजीला आपलं भविष्य स्पष्ट दिसत होतं. दुकानातली पोरं म्हणणार, दाजी, जरा पाना द्या. दाजी, तेवढा चहा सांगा. सगळं आदरानं, आणि सगळं मेहुण्याच्या हाताखाली. शिवाय आक्का. ती गाव सोडणार नव्हती. एकदा मिरजेला न्यायची गोष्ट काढली तर म्हणाली होती, तिथं सकाळी मी कुनाला हाक मारू?

नीलिमा भांडखोर नव्हती. तिला फक्त कंटाळा आला होता, मंद बल्बखाली भाकरी थापायचा आणि नवऱ्याचं हसं झालेलं रोज पाणवठ्यावर ऐकायचा. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "मी एकच मागते. एका घरानं, फक्त एका घरानं, आपल्या तोंडानं म्हणावं, आम्हाला सांडवा पाहिजे. धम्मचक्र दिनापर्यंत, म्हणजे दसऱ्यापर्यंत. नाहीतर त्या दिवशी ट्रंक भरायची आणि मिरज गाठायची."

"एक?" धनाजी छाती काढून म्हणाला. "रांग लागंल रांग."

रांग लागायची तेव्हा लागो, त्यानं तसाच आणखी एक डबा बांधला आणि तो आधी फुकट वापरायला दिला. दिला तोही कुणाला, तर निवृत्त हवालदार जोतीरामला. जोतीरामनं मिलिटरीच्या कँटीनमधून रंगीत टीव्ही आणला होता आणि त्याच्यापुढं तो रोज संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून बसायचा. अडचण अशी की पंप बंद व्हायची आणि चित्र झकास उजळायची वेळ एकच. चित्रातल्या माणसांची तोंडं नीट ओळखू यायला लागली की डबा टक करायचा आणि टीव्ही काळा. जोतीराम तरातरा धनाजीच्या दारात यायचा.

"तुझा ह्यो जवान ऐन टायमाला पोस्ट छोडके भागतोय. चार्जशीट करीन."

"तात्या, त्योच टाइम धोक्याचा आस्तो."

"धोका? आरं, आत्ता कुठं पिक्चर क्लियर झालती."

"मग काढून टाका डबा."

"काढायचा कसा? मी स्वतः ड्यूटी लावलीया. ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

असं रोज. जोतीराम डबा काढायचा नाही आणि शिव्या घालायचाही थांबायचा नाही. बाकीचं गाव ह्या जाहिरातीवरून शहाणं झालं. सांडवा म्हणजे काय, तर चांगली लाईट आली की बंद करणारा डबा, असा बोभाटा पार वाड्यावस्त्यांपर्यंत गेला. धनाजी दारोदार फिरला. काही घरांत लोकांनी पाणी दिलं, काही घरांत कोयना सुरू व्हायच्या आत कामाला निघून गेले. मागितला कुणीच नाही. बघता बघता दसरा तोंडावर आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. गावानं विळे, नांगर, सायकली, शिलाई मशिनी धुऊन पुजल्या. आणि लोकांनी टीव्हीही पुजले, झेंडूच्या माळा घालून. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र दिन, म्हणून नीलिमा बायकांबरोबर विहार सारवायला आणि पताका लावायला गेली होती. जाताना तिनं ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवली होती. धनाजी दुकानात बसला, पण त्याला ती ट्रंकच दिसत होती.

दिवस मावळताना वारं सुटलं. डीपीजवळची बाभळीची फांदी मोडून तारेवर पडली आणि खांबावरची खालची तार तुटली. ती तार न्यूट्रलची, म्हणजे तिन्ही फेजांची परतीची वाट. ती तुटली की तिन्ही फेजांचा हिशोब बिघडतो. जिकडं घरं जास्त तिकडं लाईट मरते, आणि जिकडं घरं थोडी तिकडं सगळा लोंढा जातो. खालची आळी मिणमिण झाली. विहारापासून शाळेपर्यंतच्या वरच्या आळीत मात्र दिवे असे पेटले की लोक अंगणात आले.

काय सांगावं तो आनंद. आयाबाया एकमेकींना हाका मारायला लागल्या, ये गं, बघ गं, भांड्यावरचं नाव वाचता येतंय. ज्ञानू बल्बखाली उभा राहून आपल्या तळहाताच्या रेषा बघत होता. खालच्या आळीतले लोक पोराबाळांसकट वरच्या आळीत टीव्ही बघायला निघाले. खंडेनवमीला केलेली पूजा पावली, असंही कुणीतरी म्हणालं.

धनाजीनं दुकानातला बल्ब पांढराफटक झालेला बघितला. तो चपला टाकून वरच्या आळीत पळत सुटला. "मेन पाडा. मेन स्विच पाडा. टीव्ही काढा प्लगातनं."

"आरं गप," ज्ञानू म्हणाला. "वीस वर्सांनी लाईट आली, आन् ह्याच्या पोटात दुखाय लागलं."

कुणी ऐकेना. जोतीराम आपल्या दारात उभा. "सगळ्यांचं टीव्ही चालू, आन् आमचाच बंद. तांबडा दिवा लावून बसलाय तुझा जवान."

"ऱ्हाऊ द्या तात्या, हात लावू नगा," असं ओरडत धनाजी पुढं पळाला. मागं पहिला बल्ब फुटला. मग कुठंतरी फट असा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. मग शेजारच्या घरातून फट. मग फटाफट.

स्वतःच्या घराची त्याला काळजी नव्हती. घरी सांडवा होता. तो दारात पोचला आणि थांबला. आक्का टीव्हीपुढं मांडी घालून बसली होती. टीव्ही चालू होता. प्लगातून उपटलेला डबा बाजूला पडला होता आणि टीव्हीचा प्लग सरळ भिंतीत होता.

"बघ की रं," ती खुशीत म्हणाली. "तुझा डबा अडवून बसला हुता. मी काढला त्याला. कसं पांढरं दिसतंय चित्र."

धनाजीचा हात प्लगापर्यंत पोचला नाही. प्रबुद्धनं दिलेला टीव्ही फट म्हणाला, पाठीमागून धूर आला आणि वरचा बल्ब तेवढ्यातच गेला. धनाजीनं अंधारात चाचपडत प्लग उपटला. धनाजीला शिवी देता येईना की रडता येईना. साऱ्या गावाला सांगत फिरला होता, आणि घरात आईलाच पटलं नव्हतं. त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

सकाळी नीलिमानं धूर लागलेली भिंत पुसली आणि ट्रंक भरायला घेतली. धनाजीही म्हणाला, भर. पण अकराच्या मिरज गाडीच्या आधीच दारात लोक यायला लागले. वरच्या आळीतले जवळजवळ सगळे. डोक्यावर जळके टीव्ही, त्यांच्यावर कालच्या झेंडूच्या माळा तशाच. अंगणात ओळीनं टीव्ही मांडले गेले. धनाजी उंबऱ्यावर आला. त्याच्या मनानं उसळी घेतली. आता तरी कुणीतरी म्हणेल. नीलिमा हातातलं लुगडं तसंच धरून दाराआड उभी राहिली. तिलाही ऐकायचं होतं.

जोतीराम पुढं झाला. "माझा सेट ओके हाय." धनाजीचा चेहरा उजळला. "कँटीनचा माल हाय त्यो," जोतीराम म्हणाला. "बाजारातला न्हाई. म्हनून टिकला."

धनाजीनं डोळे मिटून घेतले. एवढ्यात ज्ञानू घसा खाकरून म्हणाला, "ते सोडा. मुद्द्याचं बोला. ह्यो पोरगा सहा महिनं काय म्हनत हुता? जास्त येनार, जास्त येनार. आली का न्हाई? आपल्या गावात कदी कसलं जास्त आलतं का? मंग कशानं आली?"

गर्दी विचारात पडली. ज्ञानूनंच उत्तर दिलं. "काळी जीभ."

गर्दीतून एक हुंकार गेला. सगळ्यांना एकदम पटलं. फांदी आणि न्यूट्रल पटण्यापेक्षा हे फारच सोपं होतं.

"जीभ काढ रं," ज्ञानू म्हणाला.

"काय येडं झालाय का काय तुमी?"

"काढ," जोतीराम म्हणाला. "इन्स्पेक्शन हाय."

धनाजीनं वैतागून जीभ काढली. जीभ काळी होती. सकाळी मिश्री लावली होती, दुसरं काय. आलेल्यातल्या निम्म्या लोकांच्या जिभा तेवढ्याच काळ्या होत्या, पण त्या कोण बघतो? बायकांनी तोंडावर पदर धरला. ज्ञानू दोन पावलं मागं सरला आणि पुढं बोलला तेव्हा त्याच्या आवाजात आदर आला होता.

"धनाजीराव," तो म्हणाला. "झालं ते झालं. टीव्ही गेलं तर जाऊ द्यात. आता एकच करा. आवंदा पाऊस जास्त पडंल म्हना."

"काय?"

"म्हना की. न्हाई तर परतीचा तरी पडंल म्हना."

"तलाव भरंल म्हना," मागून कुणीतरी म्हणालं. "व्हय, सांडवा वाहील म्हना," आणखी कुणी.

आता मात्र धनाजीचं डोकं फिरलं. सहा महिने पायपीट केली, मीटर दाखवला, कोयना सांगून सांगून घसा बसला, तेव्हा कुणी ओसरीवर टेकू दिलं नाही. आणि आता मान मिळतोय तो कशाला, तर मिश्रीला. "डब्याचं बोला," तो ओरडला. "एकानं तरी बोला. एक घर. मला डबा पायजे म्हना, बास."

"डबा कशाला?" ज्ञानू समजुतीनं म्हणाला. "तुमी नुसतं चांगलं बोला. मंग डब्याची गरजच पडत न्हाई."

धनाजी खाली बसला. मग उठला. "मी चाललो मिरजंला," तो म्हणाला. "आजच्या गाडीनं. पुन्हा ह्या गावात पाय ठेवत न्हाई."

काळ्या जिभेनं बोललेलं होतं, म्हणजे आता हे होणारच, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसलं.

घरातून आक्काताई बाहेर आली. कालपासून ती जेवली नव्हती. माणसांतून वाट काढत ती लेकासमोर उभी राहिली.

"परत घे," ती म्हणाली.

"काय परत घे?"

"आत्ता बोललास ते. मी हितंच ऱ्हानार म्हन."

"आक्का," धनाजी हळू आवाजात म्हणाला, "आज धम्मचक्राचा दिस. आज आपन असलं समदं सोडलं. आन् तू काळ्या जिभंवर इस्वास ठेवतीस?"

"आजच्या दिस ठेवती. उद्यापास्नं सोडती. म्हन."

आक्का गर्दीकडं वळली. "ह्याचा डबा बराबर हुता. त्यानं लाईट तोडली हुती. मी म्हातारीनं प्लग काढून भितीत घातला आन् टीव्ही जाळला. ह्याच्या जिभंनं न्हाई, माज्या हातानं जळला." मग ती परत लेकाकडं वळली, आणि तिचा आवाज खाली आला. "लाईट जास्त झाल्याली मला कळली न्हाई रं. मला जास्त कवा ठावंच न्हवतं. पर तू गेलास तर घरात किती कमी व्हतंय, ते मला चांगलं कळतं. म्हन, बाबा."

धनाजीनं दाराकडं बघितलं. नीलिमा बाहेर आली होती. पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती. हातातलं लुगडं तिनं उंबऱ्यावर ठेवलं.

"अट सांडव्याची होती," ती म्हणाली. "पण एका घरानं तुम्हाला तोंडानं मागितलं तर आहे. म्हणा."

"मी हितंच ऱ्हानार," धनाजी म्हणाला.

आक्कानं त्याचा दंड घट्ट धरला. मागं ज्ञानूनं टोपी सारखी केली आणि घाईनं पुढं आला. "झालं ना घरचं?" तो म्हणाला. "आता तोंड हाय तसंच ऱ्हाऊ द्या, चूळ भरू नगा, आन् लगोलग पावसाचंबी उरकून घ्या."